पोचे पडलेले टोप

बाबुराव घाड्यांच्या खोलीत एकही टोप धड गोल नव्हता. भाताचा टोप एका अंगाने दबलेला, डाळीच्या टोपाचा काठ आत वळलेला, कळशीच्या पोटाला असा पोचा की भरून ठेवली तरी डुगडुगायची. दुपारी नवरा कामावर आणि मुलं शाळेत असताना लक्ष्मी टोप गोणपाटावर आडवा धरायची आणि आतून बत्त्याने ठोकून पोचे काढायची. टोप उभा राहायचा, पण गोल होत नसे. झाकण नीट बसायचं नाही, वाफ निघून जायची, भातात कणी राहायची. आणि भातात कणी राहिली की तोच टोप पुन्हा भिंतीवर जायचा.

लालबागच्या चाळीतली ही दुसऱ्या मजल्यावरची, जिन्यालगतची खोली. आकांक्षा तिथे वाढली. ती थोरली, तिच्या पाठचा निलेश.

बाबुराव परळच्या एका छापखान्यात कामाला होता. दारू पीत नसे, तंबाखू खात नसे, जुगार तर लांबच राहिला. लक्ष्मी शेजारच्या शेवंतीकाकूला म्हणायची, "पियाले असते तर बरा झाला असता गे. निदान उतारली तरी असती." शेवंतीकाकू हसायची आणि आत जाऊन टीव्हीचा आवाज मोठा करायची, कारण जिन्यावर बाबुरावच्या वहाणा वाजायला लागलेल्या असायच्या. त्या वहाणांचा आवाज आकांक्षाला पुस्तकासारखा वाचता यायचा. टाच घासत आली तर तो नुसताच दमलेला. टाच आपटत आली तर निलेशचा हात धरायचा आणि पोटमाळ्यावर जायचं.

एका रविवारचं जेवण तिला चांगलं आठवतं. बांगड्याचं तिखलं होतं. बाबुरावने भाताचा घास तोंडात घातला, चावला आणि ताटात परत थुंकला.

"ह्यो भात? माणसा खातत ह्यो?"

"टोपार झाकाण बसणा नाय," लक्ष्मी म्हणाली. "कोणी केल्यान तो तसो?"

लक्ष्मीला जीभ आवरत नसे. आवरली असती तरी मार चुकला नसता, हे तिला माहीत होतं, म्हणून ती निदान बोलून तरी घ्यायची. बाबुराव ताटावरून उठला. त्याने तिचा अंबाडा मुठीत धरला आणि तिचं कपाळ दाराच्या चौकटीवर आपटलं. एकदा आपटल्यावर ती त्याच्या मनगटाला चावली. मग त्याने पुन्हा आपटलं, आणि पुन्हा. चौकटीला पिवळा ऑइलपेंट होता, त्यावर लाल ओघळ उतरला. लक्ष्मी ओरडत होती, "मार, मार, हात झडतले तुझे." तिखल्याची वाटी कलंडून तिच्या लुगड्याखाली रस्सा पसरला होता आणि ती त्यातच घसरत होती.

आकांक्षाने निलेशला पोटमाळ्यावर ओढून नेलं होतं, तिथे त्याला लघवी झाली. फळ्यांच्या फटीतून ती खाली गळली, बाबुरावच्या बनियनवर. त्याने वर पाहिलं. आकांक्षाला वाटलं, आता हा शिडी चढणार. तो हसला.

"बघलंस? तुझ्या झिलान माझो अभिषेक केल्यान," तो लक्ष्मीला म्हणाला आणि तिच्या पोटात लाथ घातली. "ही त्येच्या नावाची."

बाबुराव पोरांच्या अंगाला कधी हात लावत नसे. चाळीत तो हे अभिमानाने सांगायचा. निलेशने मात्र त्या दिवसापासून दुपारनंतर पाणी पिणं सोडलं. उन्हाळ्यात त्याचे ओठ फुटून रक्त यायचं, तरी तो प्यायचा नाही. आई त्याच्यामुळे जास्त मार खाते हे त्याचं ठरून गेलं होतं.

याच बाबुरावला साऱ्या चाळीत मान होता तो गाऱ्हाण्यासाठी. मालवणकडच्या माणसांत पूजा झाली की घरातला वडीलधारा नारळ हातात घेऊन देवापुढे उभा राहतो आणि घराचं सुखदुःख मोठ्याने देवाच्या कानावर घालतो. प्रत्येक वाक्याला जमलेली माणसं एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणतात. बाबुरावचा आवाज खर्जातला आणि भरदार होता. बारसं असो, सत्यनारायण असो की नवीन खोलीचा उंबरा असो, गाऱ्हाणं घालायला बाबुरावच हवा. तो डोळे मिटायचा, मान किंचित कलती करायचा आणि सुरू करायचा.

"बा देवा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

"ह्या घाड्यांच्या घरान जी काय तुझी येडीवाकडी सेवा केल्यानी हा, ती गोड मानून घे रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

"घरात कोणाचा काय चुकला-माकला आसात, ता पोटात घाल रे म्हाराजा..."

लक्ष्मीही सगळ्यांबरोबर "व्हय म्हाराजा" म्हणायची, सुजलेल्या ओठावर पदर धरून.

घाड्यांचा गणपती पाच दिवसांचा. देव घरात असताना बाबुराव बायकोवर हात उचलत नसे. ते पाच दिवस लक्ष्मी गाणी गुणगुणायची, निलेश पोटभर पाणी प्यायचा आणि आकांक्षा वहाणांकडे कान न लावता झोपायची. विसर्जनाच्या दुपारी मात्र तिला ताप भरायचा. दरवर्षी. आरती सुरू झाली की दात वाजायला लागायचे, गणपती उचलला की ती ओकायची. बायका तिच्या कपाळावर हात ठेवून म्हणायच्या, "किती जीव आहे गं पोरीचा देवावर." गणपती गेल्यावर पाच दिवसांचं साचलेलं बाहेर पडायचं, ते बहुतेक वेळा नैवेद्याचीच भांडी घासायच्या आधी.

आकांक्षाने मोठी होताना एकच गोष्ट ठरवली होती. मार खायचा नाही. कुणाचाच.

बारावीनंतर ती दादरला साड्यांच्या दुकानात लागली. गादीवर बसून दिवसभर साड्या उलगडायच्या, घडी करायच्या, गोड बोलायचं. तिच्या हाताला गिऱ्हाईक टिकतं असं मालक म्हणायचा. लग्न तिने स्वतः जमवलं. हितेंद्र लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत होता, राहायला समोरच्याच चाळीत, आणि त्याचा आवाज इतका हळू की फोनवर त्याला दोनदा विचारावं लागायचं. आकांक्षाने त्याला याच कारणासाठी निवडला.

पण हळू आवाजाच्या माणसाबरोबर कसं राहायचं हे तिला कुणी दाखवलंच नव्हतं. हितेंद्रला राग आला की तो गप्प व्हायचा. तिच्या बापाच्या वहाणांवरून तरी पुढचं कळायचं. याच्या गप्प बसण्यातून काहीच कळत नसे. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तो न सांगता उशिरा आला, तिने विचारलं, तो बोलला नाही, तिने पुन्हा विचारलं, तो मोजे काढत राहिला. तिचे कान तापले. आता हा उठणार, आता हा मारणार, हे तिच्या अंगाला आधीच कळलं होतं, आणि तो उठायच्या आधी तिने आमटीचा टोप उचलून फेकला. हितेंद्रच्या भुवईवर खोक पडली. टोपाला पोचा पडला.

"मी काय केलं?" त्याने विचारलं.

"करणार होतास," ती म्हणाली.

नंतर तिने त्याच्या भुवईवर हळद दाबून धरली, रडली, पाया पडली. महिन्याभराने पुन्हा तेच. हितेंद्र आधी नुसता मार चुकवायचा. मग भिंतीवर स्वतःचं डोकं आपटायला लागला. मग एके दिवशी त्याने तिचा उगारलेला हात धरला आणि मुरगाळला, आणि त्याला कळलं की असं करता येतं. तिथून दोघं बरोबरीने भांडायला लागले. ती फेकायची, तो मुरगाळायचा. ती चावायची, तो केस धरायचा.

"शेवटी बाबुराव घाड्याचीच पोरगी," तो दातओठ खात म्हणायचा.

"आणि तू कोण? माझ्या बापाचा जावई शोभतोस."

मुलगी झाली तेव्हा दोघांनी एकमेकांना शब्द दिला की हिला कधी मारायचं नाही. तो शब्द दोघांनी पाळला. तनिष्काला, म्हणजे तनूला, आजवर कुणी चापटही मारली नव्हती.

तनूला पाहुणे फार आवडायचे. कुणीही आलं की ती त्याला सोडायची नाही. हितेंद्रची बहीण वरळीहून आली की निघताना तिच्या चपला हमखास गायब असायच्या. कधी पिठाच्या डब्यात सापडायच्या, कधी वॉशिंग मशीनमध्ये. "लबाड आहे नुसती," आत्या पीठ झटकत हसायची. आकांक्षाही हसायची. चपला सापडेपर्यंत पाहुणा पुन्हा बसायचा, आणखी एक चहा व्हायचा. घरात पाहुणा असताना टोप उडत नाहीत, हे तनू सोडून कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

तिसरीत गेल्यावर तनूच्या पापण्यांचे केस झडायला लागले. डोळे सोललेल्या लिचीसारखे दिसायचे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब दिले, कातडीच्या डॉक्टरांनी मलम दिलं. मग टाळूवर केसांचा गोल गेला. एका दुपारी वर्गशिक्षिकेने पाहिलं, पोरगी फळ्याकडे बघत एकेक केस ओढून काढतेय आणि वहीच्या पानात ठेवतेय. शाळेने आईबापांना बोलावलं. समुपदेशक बाई तरुण होती, तिच्या टेबलावर रंगीत खडूंचा डबा होता.

"घरी काय चालतं?" तिने विचारलं.

"मॅडम, आम्ही तिला फुलासारखं ठेवलंय," आकांक्षा म्हणाली. "तिच्या अंगाला बोट लावत नाही कुणी."

"तिच्या नाही. एकमेकांच्या?"

हितेंद्र स्वतःच्या बुटांकडे बघायला लागला. आकांक्षाने मनगटावर ओढणी घेतली.

"ती मला रोज विचारते, तुम्ही आमच्या घरी राहायला याल का," बाई म्हणाली. "मुलं भांडणाला घाबरतात, त्याहून भांडणाची वाट बघण्याला जास्त घाबरतात. वाट बघताना तिचे हात पापण्यांकडे जातात. परवा मला म्हणाली, मी नसते तर बरं झालं असतं. आठ वर्षांची मुलगी हे बोलली की मी झोपत नाही, ताई. तुम्हाला थांबता येत नसेल तर काही महिने कुणी एकाने दुसरीकडे राहा. आणि दोघंही डॉक्टरांना भेटा. तिला नंतर दाखवू, आधी तुम्ही."

"म्हणजे संसार मोडू?"

"मी राहायची जागा बदला म्हणाले."

संध्याकाळी आकांक्षा कांदा चिरताना म्हणाली, "गप्प बसलास तिथे. सगळं माझ्यावर ढकलून."

हितेंद्र गप्प.

"आताही तेच."

त्याने चष्मा काढून कपाटावर ठेवला. चष्मा काढला म्हणजे पुढे काय, हे आता तिघांनाही पाठ होतं. आकांक्षाने कुकरचं झाकण उचललं. ते त्याच्या कानावर बसलं, कानाची पाळी फाटून रक्त मानेवर आलं. त्याने तिचा हात धरून पाठीमागे इतका वर नेला की ती गुडघ्यावर आली, काचेच्या बांगड्या फुटून मनगटात रुतल्या. तिने मान वळवून त्याच्या मांडीचा चावा घेतला. त्याने तिला झटकून दिलं, तिचं डोकं गॅसच्या शेगडीच्या कोपऱ्याला लागलं. वरचा दुधाचा टोप खाली आला, गरगर फिरत तनूच्या पायाशी जाऊन थांबला.

तनू रडली नाही. तिने केरसुणी आणली, बांगड्यांचे तुकडे सुपलीत भरले. मग कोपऱ्यात पाठ टेकून बसली आणि दोन बोटं डोळ्याला लावली. तिथे धरायला आता काही उरलं नव्हतं, तरी ती बोटं चिमटीत काहीतरी शोधत होती.

दोघांनी ते पाहिलं. पाहूनही आकांक्षा म्हणाली, "बघ, तुझ्यामुळे."

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाशी बाबुरावला लकवा मारला. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, तो खर्जातला आवाज चिखलात रुतावा तसा झाला. तो खाटेवर पडला आणि लक्ष्मीच्या ताब्यात आला. लक्ष्मी त्याचं सगळं करायची. पुसायची, कुशीवर वळवायची, भरवायची. भरवताना चमचा दातांवर आपटायची. "घे. कणी रवली हा, चाव बरी," असं म्हणून गरम भात कोंबायची. त्याचा ओठ फाटायचा, डोळ्यांतून पाणी यायचं. पातळ चादरीखाली त्याच्या दंडावर चिमट्यांचे काळेनिळे डाग असायचे. तनू शाळेतून आली की दुपारी आजीकडेच असायची. आजोबांकडून तिने त्यांच्या चांगल्या दिवसांत सगळं गाऱ्हाणं उचललं होतं, सुरासकट, मान कलती करण्यासकट.

गणपती आले. पाच दिवस लक्ष्मीनेही चमचा हळू धरला. पाचव्या दिवशी दुपारी उत्तरपूजा झाली. खोलीत आणि गॅलरीत माणसं उभी होती. हितेंद्र मूर्ती उचलायला पुढे बसला होता. नारळ कोणाच्या हातात द्यायचा, यावर सगळे खाटेकडे बघायला लागले. बाबुरावच्या तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती.

"तनूला येतं सगळं," चाळीच्या मंडळातला विनीत म्हणाला. "आजोबांची टेप आहे ती."

"पोरीने घालायचं गाऱ्हाणं?" कुणीतरी विचारलं.

"घालूंदे की," शेवंतीकाकू म्हणाली. "आता कोण उरलंय घालणारं?"

तनू नारळ घेऊन उभी राहिली. तिच्या टाळूवरचा उघडा गोल झाकायला आकांक्षाने तिला गजरा माळला होता. तिने डोळे मिटले. पापण्यांना केस नसल्यामुळे मिटलेले डोळेही उघडे वाटत होते.

"बा देवा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा." लोक हसऱ्या चेहऱ्याने म्हणाले. हुबेहूब म्हातारा.

"आज ह्या घाड्यांच्या घरान जी काय तुझी येडीवाकडी सेवा केल्यानी हा, ती गोड मानून घे रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

"आमची आई पप्पांका टोप फेकून मारता, पप्पा आईचो हात मुरगाळतत, ता तू बघूक नाय, म्हणान आज तुका सांगतंय रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

सवयीने, एका सुरात, साऱ्या खोलीने होकार दिला. दिल्यावर एकेकाच्या लक्षात आलं. विनीतचा हात झांजेवर तसाच राहिला. आकांक्षा पुढे सरकली, पण गाऱ्हाणं मध्येच तोडत नाहीत हे तिच्या हाडात इतकं मुरलेलं होतं की तिचे पाय तिथेच थांबले.

"आजी आजोबांच्या तोंडात चमचो कोंबता, रगात येता, ता तू ऐकून घे रे म्हाराजा..."

"व्हय..." मागून दोनचार जण पुटपुटले आणि थांबले.

"तू हय आसलंस काय कोण कोणाक मारणा नाय. तू गेलंस काय परत सुरू होतला. म्हणान तू जाव नको रे म्हाराजा."

या वेळी होकार आला नाही. खाली रस्त्यावर कुणाच्या तरी विसर्जनाचा ताशा वाजत होता.

"आणि जातलंस तर माका वांगडा घेवन जा. पाण्यात घेवन जा रे म्हाराजा."

खाटेवरून एकच आवाज आला, जड, चिखलातून ओढून काढलेला.

"व्हय... म्हाराजा."

आयुष्यभर दुसऱ्यांकडून होकार घेतलेल्या म्हाताऱ्याने पहिल्यांदाच कुणाच्या तरी गाऱ्हाण्याला होकार दिला होता. त्याला सगळं कळलं होतं, का ती नुसती जिभेची सवय होती, हे कुणी सांगू शकलं नसतं.

आकांक्षाने तनूला उचललं. पोरगी तव्यासारखी भाजत होती, दात वाजत होते. मग तिने आईच्या खांद्यावर ओकारी काढली. आकांक्षाने तो ताप ओळखला. त्याची धग, त्याचा वास, त्याची वेळ. लहानपणी हाच ताप तिच्या अंगात दरवर्षी याच दुपारी भरायचा.

"चला, निघूया आता," कुणीतरी खाली मान घालून म्हणालं आणि दाराबाहेर गेलं. "अरे, चपला कुठायत?"

गॅलरीत एकही चप्पल नव्हती. दारापुढे एवढा ढीग होता, तो आरतीच्या गडबडीत सगळा गेला होता. माणसं अनवाणी उभी राहून एकमेकांच्या पायांकडे बघत होती. एकजण हसला आणि लगेच गप्प झाला. आकांक्षा तनूला कडेवर घेऊन गॅलरीच्या टोकाला पाण्याचा रिकामा निळा ड्रम होता, त्यापाशी गेली. झाकण उचललं. आत काठोकाठ चपला होत्या, सगळ्यात वर हितेंद्रच्या.

"ती खरं बोलली," आकांक्षा म्हणाली. ड्रमकडे बघतच म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"नवीन काय सांगितलं पोरीने?" शेवंतीकाकूने वाकून आपल्या चपला शोधल्या. "समोरून सगळं ऐकू येतं. भिंती काय दगडी आहेत होय?"

"मग बोलला नाहीत कधी."

"तुझ्या आईच्या वेळी बोलले नाही. मग सवय लागली."

गणपती गेला, जायचाच होता. हितेंद्र पुरुषांबरोबर दादरला जाऊन लगेच परत आला. तोवर आकांक्षा खाटेशी लक्ष्मीसमोर उभी होती.

"तनू उद्यापासून दुपारी इथे राहणार नाही, आई."

"मी पोरीक कधी बोट तरी लावलंय काय?" लक्ष्मी म्हणाली.

आकांक्षाने आईकडे पाहिलं. हेच वाक्य तिने शाळेत त्या बाईला ऐकवलं होतं. त्याच्या आधी हेच बाबुराव चाळीला ऐकवायचा.

"बाबांना भरवायला बाई ठेवूया," ती म्हणाली.

"माझो सगळो जल्म ह्येच्या हाताखाली गेलो. आता माझो वखत इलो तर माका थांबवतंस?"

"हो."

लक्ष्मी खाटेच्या कडेवर बसली. तिने नवऱ्याची लाळ पुसली, नेहमीपेक्षा जोराने.

घरी तनू झोपल्यावर आकांक्षा आणि हितेंद्र गॅलरीत उभे राहिले.

"मी जातो," तो म्हणाला. "वरळीला ताईकडे."

"तू नाही. टोप मी उचलते."

"हात मी मुरगाळतो."

"आधी कोण उचलतं?"

"आधी गप्प कोण बसतं?"

"यावरही भांडतोय आपण," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बॅग भरली.

निलेश माहीमला एकटा राहायचा. घर सोडल्यापासून तो गणपतीला आला नव्हता. आकांक्षा त्याच्या स्वयंपाकघरात उभी राहिली तेव्हा तिला चुकल्याचुकल्यासारखं झालं आणि का ते आधी कळेना. ताटल्या प्लास्टिकच्या, पळ्या लाकडाच्या, भात शिजवायला कुंभारवाड्यातलं मातीचं भांडं. कपाटाच्या दारांना आतून फेल्टच्या पट्ट्या चिकटवलेल्या.

"स्टील काहीच नाही?" तिने विचारलं.

"वाजतं," निलेश म्हणाला. "राहा हवं तितकं. फक्त भांडी आणू नकोस."

आठवड्यातून एकदा ती परळच्या मोठ्या इस्पितळात डॉक्टरांकडे जाते. हितेंद्र दुसऱ्या वारी जातो. डॉक्टरने तिला पहिल्याच भेटीत विचारलं, हात उचलण्याआधी अंगात काय होतं? "कान तापतात," ती म्हणाली, आणि मग तासभर वहाणांविषयी बोलत बसली. कान तापले की उठून घराबाहेर जायचं, एवढंच तिला सध्या जमतं. तेही कधीकधी जमत नाही. एकदा दुकानात एका गिऱ्हाइकाने साडी अंगावर भिरकावली तेव्हा तिचा हात पितळी समईपर्यंत गेला होता.

रोज दुपारी दुकानातून लवकर सुटून ती तनूला शाळेतून आणते आणि हितेंद्र येईपर्यंत घरी बसते. सुरुवातीला तनू तिच्याशी बोलायची नाही. आई निघाली की टाटाही करायची नाही, उलट स्वतः जाऊन चपला दारात सरळ करून ठेवायची. आकांक्षाला ते सुरीसारखं लागायचं. पण ती चपला घालायची आणि जायची. समुपदेशक बाईने सांगितलं होतं, ती तुम्हाला घालवत नाहीये, तुम्ही शांतपणे जाता का हे बघतेय.

दिवाळीच्या सुमाराला तनूच्या डाव्या डोळ्यावर पापण्यांची बारीक लव दिसायला लागली. उजवा डोळा अजून उघडाच होता. एका सोमवारी परीक्षेच्या आधी ती लवही निम्मी गेली. मग परत आली.

गेल्या आठवड्यात हितेंद्र कामावरून आला, दारात टेकला. आकांक्षा उठली. दोघांत चार वाक्यं झाली, गॅस सिलिंडरविषयी. त्यातलं एक जरा वर गेलं. तनू पुस्तकातून मान वर करून बघत होती. आकांक्षाने पर्स उचलली आणि म्हणाली, "उद्या बोलू."

ती गॅलरीत आली तर दारात चपला नव्हत्या. तिने खिडकीच्या कट्ट्यावर पाहिलं, जिन्याखाली पाहिलं. मग आत वळून पाहिलं. तनू पुस्तकात डोकं घालून बसली होती, पुस्तक उलटं धरलेलं.

"शोधू का?" हितेंद्रने हळूच विचारलं. "वॉशिंग मशीनमध्ये असतील."

"राहू दे."

"बस मग थोडी. चहा टाकतो."

आकांक्षा उंबऱ्यात उभी राहिली. चहा टाकायला हितेंद्रने टोप घेतला, जुनाच, आमटीचा, एका बाजूने दबलेला. तो शेगडीवर डुगडुगला. तिच्या कानांच्या पाळ्या किंचित गरम झाल्या.

"उद्या," ती म्हणाली, आणि अनवाणीच जिना उतरली.

खाली रस्ता दुपारच्या उन्हाने अजून तापलेला होता. तिने वर पाहिलं. तनू कठड्याच्या गजांतून बघत होती. दोन्ही हात गजांना धरलेले होते.